दोन सूत

गेल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मुळशी रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, दहा सहाध्यायांच्या देखत, मी दिवसभर राबून तयार केलेल्या स्टुलाला 'शोभेची वस्तू' म्हणून जाहीर करण्यात आले. जाहीर करणारे प्रशिक्षक तिशीतले, डोक्यावर केसांची गाठ बांधलेले आणि स्वभावाने कमालीचे सौम्य होते. त्यांनी स्टुलावर तळहात ठेवला तेव्हा स्टूल डावीकडे कलले. हात उचलला तेव्हा ते उजवीकडे कलले. आणि त्यानंतर, कोणी काही न करता, ते आपले आपण आणखी एकदा डावीकडे कलले. "सर, हे आपण डेकोर पीस म्हणून ठेवू या," ते म्हणाले. "यावर एखादी छोटी कुंडी छान दिसेल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळू आवाजात पुस्ती जोडली, "मोठी नको."

आज गुरुवार आहे, आणि ते 'मोठी नको' अजून माझ्या कानांतून गेलेले नाही.

मी तिथे का गेलो हे थोडक्यात सांगून टाकतो, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही. वडिलांच्या सागवानी टेबलाचा खण जूनच्या पहिल्या पावसात फुगून अडकला. आमच्या नेहमीच्या सुतारांनी "उद्या येतो" असे सांगितल्याला अडीच महिने झाले. त्या खणात कोंडलेल्या जुन्या पासबुकांच्या आणि एका चांगल्या कात्रीच्या विरहाने मी कासावीस झालेलो असताना मोबाइलवर जाहिरात आली : 'खिळा न वापरता, स्वतःच्या हातांनी, एका दिवसात, स्वतःचे स्टूल.' फी ३,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४,१३०. एवढ्या पैशांत तयार स्टुले किती येतात, हा हिशेब सौ.ने तोंडी केला आणि मी तो ऐकलाच नाही असे दाखवले.

सकाळी दहा वाजता आम्हाला गोल करून बसवण्यात आले. सुतारकामाच्या वर्गाची सुरुवात करवतीने होत असावी अशी माझी भाबडी समजूत होती. ती 'नात्या'ने होते. प्रत्येकाने नाव सांगायचे, व्यवसाय सांगायचा आणि मग 'लाकडाशी आपले नाते' सांगायचे. एका तरुणीने लाकडाच्या वासाने आपल्याला आजोळ आठवते असे सांगितले. एका संगणक अभियंत्याने दिवसभर पडद्यावर काम करून हाताला काहीच लागत नाही असे सांगितले, त्यावर आणखी तीन संगणक अभियंत्यांनी माना डोलावल्या. माझी पाळी आली तेव्हा अडकलेल्या खणाबद्दल बोलायला मला संकोच वाटला आणि मी "वडिलांचे टेबल" एवढेच म्हणून थांबलो. सर्वांचे चेहरे उगीचच गंभीर झाले.

त्या शांततेत मागून आवाज आला, "नातं कसलं विचारताय? शेवटी सगळ्यांचं एकच. माझं तर काय, लाकडं स्मशानात गेलेलीच आहेत."

मागे भिंतीला टेकून पंचाहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, पायांत मोज्यांवर सँडल, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी नाव नोंदवलेले नव्हते. आजोळ आठवणाऱ्या तरुणीचे ते सासरे होते आणि "घरी एकटा बसून काय करू, मी आपला एका बाजूला बसेन," या बोलीवर ते सूनबाईंच्या गाडीतून आले होते. या बोलीतला 'बसेन' एवढाच भाग त्यांनी पाळला. बसायला त्यांनी निवडले होते ते त्या शेडमधले एकमेव तयार स्टूल, म्हणजे आम्ही दिवसभर ज्याच्याकडे पाहून काम करायचे तो नमुना. प्रशिक्षकांनी दोनदा नम्रपणे सुचवले की तो नमुना आहे. "चांगला आहे," काका म्हणाले, "मजबूत आहे," आणि जागचे हलले नाहीत. त्यामुळे पाय वरच्या फळीला नेमके कसे जोडले आहेत हे पाहायचे झाले, की आम्हाला एकेकाला काकांच्या पायांशी वाकावे लागे आणि ते प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून "असू दे, असू दे" म्हणत.

माझे टेबल त्यांच्या सर्वांत जवळ होते.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारले.

"भाषांतरं करतो."

"म्हणजे दुसऱ्यानं केलेलं." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "करवत धरलीय कधी?"

"शाळेत," मी म्हणालो.

हे अगदीच खोटे नव्हते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे अशी कल्पना मांडली, आणि ती वाहत वाहत, झिजत झिजत आमच्या शाळेत पोहोचली तेव्हा तिचे आठवड्याला 'कार्यानुभवा'चे दोन तास उरले होते. त्या तासांना आम्ही कागदी पाकिटे चिकटवली आणि साच्यातून खडू पाडले. परीक्षा जवळ आली की ते तास गणिताचे सर घेऊन जात. शाळेत करवती होत्या हे खरे आहे. त्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो निवृत्त झाला होता.

"काका, तुम्ही सुतारकाम करायचात का?" मी विषय बदलला.

"छे! मी टेलिफोन खात्यात होतो. पण सत्त्याऐंशी साली माझ्याकडे कपाट झालं."

पुढे काही असेल म्हणून मी थांबलो.

"बावीस दिवस," ते म्हणाले. "सुतार बावीस दिवस गॅलरीत काम करत होता, आणि मी बावीस दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. अर्जित रजा काढून."

मग त्यांनी मला ते बावीस दिवस सांगितले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घनफुटाच्या भावाने सागवान स्वतःच्या डोळ्यांदेखत कापून घेतले होते. टेम्पोत ते स्वतः लाकडांवर बसून घरी आले होते. सुताराने फळी बदलू नये म्हणून प्रत्येक फळीच्या टोकाला त्यांनी लाल ऑइलपेंटने सही केली होती.

"मग फळी कापल्यावर?" मला राहवले नाही.

"सही एका तुकड्यावर राहायची. दुसऱ्यावर मी परत करायचो. ब्रश हातातच असायचा."

"रोज?"

"रोज. संध्याकाळी सगळे तुकडे मोजून आत. भुसासुद्धा पोत्यात भरून ठेवला. भुशाची शेगडी होती आमच्याकडे. दोन महिने अंघोळीचं पाणी त्यावर तापलं."

"सुतार काही म्हणाला नाही?"

"नवव्या दिवशी म्हणाला, 'साहेब, तुम्ही जरा आत बसलात तर माझा हात चांगला चालेल.'"

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, तू हात चालव, मी डोळे चालवतो." काकांनी पिशवीतून डबी काढून एक लवंग तोंडात टाकली. "त्या बावीस दिवसांत मी जे शिकलो ना, ते इथे एका दिवसात शिकवताच येणार नाही. तो रंधा मारताना श्वास कधी सोडायचा, हेसुद्धा मला माहीत आहे."

"आणि कपाट?"

"आहे की. दार जरा घासतं."

मी हसलो, पण फार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराचे काम निघाले तेव्हा मीही समोर बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप उघडा ठेवला होता, एवढाच काय तो पिढ्यांमधला फरक. आपल्या मध्यमवर्गाचे लाकडाशी खरे नाते हे असे, समोर खुर्ची टाकून बसण्याचे आहे, हे त्या गोलात कोणीच कबूल केले नाही.

एव्हाना प्रशिक्षकांनी मापे सांगायला सुरुवात केली होती. पायांची लांबी साडेचारशे मिलिमीटर, पट्टीची रुंदी साठ मिलिमीटर. काकांनी बसल्या जागेवरून हात वर केला. "मिलिमीटर कुठल्या सुताराला कळतो? सूत बोला, सूत. आठ सूत म्हणजे एक इंच." प्रशिक्षक म्हणाले, जगभर मिलिमीटरच चालतो. काका म्हणाले, "जगात चालू दे, कपाटात चालत नाही."

हट्टीपणा सोडला तर काकांचे म्हणणे मला पटले. सुतार हा शब्दच 'सूत्रधार' या शब्दापासून आलेला आहे. गेरूत बुडवलेले सूत ओंडक्यावर ताणून धरायचे आणि मधोमध उचलून सोडायचे, की लाकडावर लाल सरळ रेघ उमटते. जो ते सूत धरतो तो सूत्रधार, म्हणजेच सुतार. नाटकातल्या सूत्रधाराने पुढे रंगमंचावर येऊन नटीशी संवाद वगैरे करून प्रतिष्ठा मिळवली, आणि त्याचा हा सख्खा भाऊ ओंडक्यापाशी उकिडवा बसून राहिला. मराठीला मात्र त्याची पक्की आठवण आहे. दोघांचे पटले की त्यांचे सूत जुळते, माणूस वठणीवर आला की सुतासारखा सरळ येतो, आणि एवढ्याशा धाग्यावर मोठा निष्कर्ष काढणारा सुतावरून स्वर्ग गाठतो. मी त्या दिवशी सुतावरून कुठे पोहोचलो ते पुढे येईलच.

शेडमध्ये आणखी एक माणूस होता आणि त्याला गोलात बसवलेले नव्हते. आमच्या स्टुलांचे सर्व भाग यंत्रावर ओबडधोबड कापून ठेवणे, खाचांची भोके आधीच पाडून ठेवणे, आमच्या हातून बोथट झालेल्या पटाशांना धार लावणे, आणि आम्ही जेवायला गेलो की आमचे वाकडे काम गुपचूप सरळ करणे, हे सारे तो करत होता. प्रशिक्षक त्याचा उल्लेख 'आपली सपोर्ट टीम' असा करत. टीममध्ये तो एकटाच होता. काकांनी त्याला सकाळीच हेरले होते.

"गाव किधर आया तुम्हारा?"

"नागौर, साहब. राजस्थान."

"कितने साल हुए इधर?"

"अठरा।"

"मेरे घर में भी काम हुआ था. सत्त्याऐंशी में."

"कौन से में?"

"एट्टी सेव्हन. बावीस दिन."

तो माणूस किंचित हसला आणि त्याने माझा रंधा हातात घेतला. मी अर्धा तास त्या रंध्याशी झटत होतो. तो दर वीतभर अंतरावर अडकत होता आणि लाकडाचे टवके काढत होता. त्याने पाते बाहेर काढले, दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-बारा वेळा घासले, उलटे करून एकदा हलकेच फिरवले आणि धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. नखावरून पाते घसरले नाही, तिथेच रुतले. मग त्याने माझा लाकडाचा तुकडा उचलला, कडेच्या रेषा पाहिल्या आणि तो टोकाकडून फिरवून पुन्हा ठेवला, कारण मी इतका वेळ रेषांच्या उलट दिशेने रंधा मारत होतो. नंतर त्याने एकदाच हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आणि गुंडाळत गुंडाळत त्याच्या मनगटावर जाऊन बसली. त्याने ती झटकली. मी ती उचलून खिशात ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्याला लाकडाशी असलेले नाते कोणीही विचारले नाही. अकरा जणांच्या फीची बेरीज मी मनात केली, ती ४५,४३० रुपये भरली. त्यातले त्याच्यापर्यंत किती पोहोचतात, हे विचारावे असे माझ्या फार मनात आले. पण विचारण्याचे तोंड मला नव्हते, कारण गेल्या वर्षी मांडणीचे दार बसवताना आमच्या सुतारांनी सांगितलेल्या अठराशेचे मी घासाघीस करून पंधराशे केले होते आणि त्या तीनशे रुपयांचा आनंद मला आठवडाभर पुरला होता. पूर्वी गावात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक असे. त्याने वर्षभर कुणब्याचे नांगर, कुळव आणि तिफणी धड ठेवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपले धान्याचे बलुते घ्यायचे. आता सुताराच्या कामाचे पैसे देताना आपला हात आखडतो आणि सुतार असल्याचे एक दिवस सोंग आणायला आपण खुशीने जीएसटीसह बलुते भरतो. हे लिहिताना मला हसू यायला हवे होते, पण येत नाही.

असो. जेवणानंतर पाय कापण्याचे काम आले आणि माझा घात तिथेच झाला.

करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे किंचित वळवलेले असतात, म्हणजे तिने पाडलेली फट तिच्या पात्यापेक्षा रुंद होते आणि पाते लाकडात अडकत नाही. याचा अर्थ असा, की कापताना थोडे लाकूड भुसा होऊन जातेच. ते टाकाऊ बाजूचे जावे म्हणून करवत नेहमी रेघेच्या बाहेरून चालवायची. हे प्रशिक्षकांनी दोनदा सांगितले होते. त्या दोन्ही वेळा मी काकांच्या कपाटात होतो. पहिला पाय मी टेप लावून कापला. दुसऱ्याला पुन्हा टेप लावण्याचा कंटाळा केला आणि पहिलाच त्यावर ठेवून रेघ ओढली; तिसऱ्यावर दुसरा ठेवला आणि चौथ्यावर तिसरा. करवत प्रत्येक वेळी रेघेच्या आतून चालवली, त्यात हाताचा कल मिसळला आणि शेवटी काचकागदाने घासणे आले, अशा रीतीने दर पायामागे एक सूत लाकूड जमिनीवर पडत गेले. चौथा पाय कापून मी घाम पुसला तेव्हा काका म्हणाले, "चुकलं."

"काय चुकलं?"

"पहिल्यावरूनच सगळे मारायचे असतात. उतरत्या भाजणीनं कापलेत तुम्ही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या पायालाच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी कुठे नाव नोंदवलंय?" काका म्हणाले. "आणि फुकटचं सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे."

सकाळपासून या गृहस्थांनी मला न विचारता माझ्या उभे राहण्याची ढब, चष्म्याचा नंबर, शर्टाच्या बाह्या आणि पाणी पिण्याची पद्धत यांबद्दल सूचना दिल्या होत्या. पाईनच्या लाकडात नख रोवून "हे खोक्याचं लाकूड आहे, यात खिळा ठोकायचा आणि संत्री भरायची," असेही ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले होते. मौन त्यांनी दिवसभरात एकदाच पाळले आणि ते नेमके तेव्हा पाळले.

सांध्यांच्या वेळी आणखी एक मौज झाली. पायात खाच आणि पट्टीला कुसू, कुसू खाचेत घट्ट बसवायचे, थोडा गोंद लावायचा, की खिळ्याची गरज नाही. फेव्हिकॉल बाजारात आले ते १९५९ साली. त्याआधीचे सुतार सरस वापरत. हाडांपासून आणि कातड्यापासून केलेला तो पदार्थ विस्तवावर पातळ करून गरम असतानाच लावावा लागे आणि त्याचा वास घरभर दरवळत राही. एका 'सरस' या शब्दात मराठीने उत्तमपणा आणि चिकटपणा दोन्ही भरून ठेवले आहेत. माझे काम त्यांपैकी एकाच अर्थाने सरस झाले. माझी कुसवे खाचेत अशी खुळखुळत होती की मधली पोकळी मी गोंदाने भरून काढली. प्रशिक्षकांनी सांगितले की गोंद पूर्ण घट्ट व्हायला चोवीस तास लागतात. काकांनी घड्याळ पाहिले. "आणि वर्ग सहाला सुटतो," ते म्हणाले. यावरचा तोडगा असा निघाला की प्रत्येक सांध्याला आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी, यंत्राने एकेक स्क्रू मारण्यात आला. जाहिरातीत 'खिळा न वापरता' असे होते आणि स्क्रू म्हणजे खिळा नव्हे, हे मान्य करावेच लागेल.

साडेपाचला मी स्टूल जमिनीवर ठेवले आणि ते डुगडुगले. मी ते उचलून दुसरीकडे ठेवले. ते तिथेही डुगडुगले. मी म्हणालो, "इथली जमीन जरा वाकडी दिसते." हे वाक्य तोंडातून सुटताक्षणी त्या शेडमधल्या प्रत्येक मराठी माणसाच्या ओठांवर तीच एक म्हण आली असणार, ती गिळताना होणारी गळ्याची हालचाल मला अनेकांच्या बाबतीत दिसली. सगळ्यांनी सभ्यता पाळली. काकांनीही ती म्हण उच्चारली नाही. त्यांनी नागौरच्या माणसाकडून पाणसळ मागून घेतली, जमिनीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिच्यातला बुडबुडा निरखला आणि निकाल दिला, "अंगणाला उतार आहे, पण अंगण वाकडं नाही."

मग त्यांनी मला बसल्या जागेवरून भूमिती शिकवली. सरळ उतारावर स्टूल तिरके उभे राहील, पण डुगडुगणार नाही. डुगडुगायला पायांतच खोट लागते. माझा प्रत्येक पाय आधीच्यापेक्षा एक सूत आखूड होता आणि मी ते चौघे क्रमाने, गोलाने लावले होते, म्हणून चौथा पाय दोन सूत अधांतरी राहिला. "पहिला आणि चौथा कोनाकोनी समोरासमोर लावला असतात," काका म्हणाले, "तर स्टूल नुसतं कललं असतं. हललं नसतं. कोणाला कळलंही नसतं." मी रात्री घरी कागदावर मांडून पाहिले. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही. "किंवा तिवई करायची होती," जाता जाता त्यांनी ऐकवले. "तीन पायांचं कधी हलत नाही. चौथ्या पायाची हाव कशाला?"

एकेक पाय कापत बरोबरी करायला गेल्यास स्टुलाचा पाट होतो, हे मला ठाऊक होते, म्हणून मी करवतीला पुन्हा हात लावला नाही. मग प्रशिक्षक आले, कुंडीचा निकाल लागला, छायाचित्र निघाले. छायाचित्रात दहा जण आपापल्या स्टुलावर बसले आहेत आणि मी माझ्या स्टुलाशेजारी उभा आहे. सर्वांना जाड कागदावरचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानुसार मी आता 'वुड आर्टिझन, लेव्हल वन' आहे.

सूनबाईंनी गाडी काढली तेव्हा काका उठले. दिवसभरात ते पहिल्यांदाच उठले होते आणि ज्याला आम्ही नमुना समजत होतो त्याचे पाय आम्हाला तेव्हा मोकळेपणाने दिसले. मागच्या डाव्या पायाखाली एक कागद घड्या घालून सारलेला होता.

"हे काय?" मी विचारले.

"सूनबाईंच्या फीची पावती," काका म्हणाले. "सकाळी टेकलो तर हलत होतं. एक सूत कमी आहे. मला बसायचं होतं ना!"

म्हणजे प्रशिक्षकांचे स्वतःचे स्टूलसुद्धा हलत होते. त्याच्यावर मात्र कोणी कुंडी ठेवायला सांगितले नव्हते. मी प्रशिक्षकांकडे पाहिले; ते त्या वेळी मोबाइलवर छायाचित्रे पाठवण्यात गढले होते. काकांनी माझ्या हातातले प्रमाणपत्र घेतले, कोपरा चिमटीत धरून जाडी चाचपली, आणि मी काही बोलण्याआधीच त्याची एक घडी घातली. मग दुसरी, मग तिसरी. चौथी घडी त्यांना गुडघ्यावर दाबून घालावी लागली. "सोळा पदर झाले," ते म्हणाले आणि वाकून त्यांनी ती गड्डी माझ्या चौथ्या पायाखाली सरकवली. स्टूल स्थिर झाले. "बरोब्बर दोन सूत. चांगला कागद वापरलाय, पैसे वसूल."

मंगळवारी, न सांगता, आमचे सुतार उगवले. त्यांनी खण एकदा ओढून पाहिला, कडेवरून बोट फिरवले आणि सांगितले की पावसाळ्याचे लाकूड आहे, आत्ता रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीपर्यंत थांबा, सुकेल तसा आपोआप सुटेल. हे त्यांनी जूनमध्ये फोनवर का सांगितले नाही, असे मी विचारले. "तुम्ही 'कधी येता' एवढंच विचारत होतात," ते म्हणाले. येण्याजाण्याचे दोनशे रुपये त्यांनी मागितले आणि मी घासाघीस केली नाही.

पैसे आणायला मी आत गेलो होतो. परत आलो तेव्हा त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या स्टुलावर ठेवली होती, स्टूल हलू लागले होते, आणि ते प्रमाणपत्राच्या घड्या उलगडून खिडकीच्या उजेडात वाचत होते. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. घड्या होत्या तशा पुन्हा घातल्या, नखाने दाबल्या, आणि पिशवी उचलण्यापूर्वी ती गड्डी होती तिथे नीट सरकवून ठेवली.